शालिकराव मार्क देतात

शालिकराव वाढई आमच्याकडे चहाला आले, की मी त्यांच्यापुढे दोन कप ठेवते. एक चहाचा आणि एक थुंकायचा.

पहिल्या वेळी मला हे माहीत नव्हतं. आम्ही शेजारी राहायला येऊन आठवडाही झाला नव्हता. त्यांनी कप उजेडात धरला, तिरका केला, आत नाक घातलं, एक घोट घेऊन तो गालातल्या गालात इकडून तिकडे फिरवला आणि घाबऱ्या नजरेनं आजूबाजूला पाहू लागले. मला वाटलं, बिचाऱ्याची जीभ भाजली. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तर ते त्या तांब्यातच थुंकले. मग रुमालानं ओठ टिपून म्हणाले, "एकाहत्तर. वास चांगला आहे मॅडम, पण शेवट आखूड पडून राह्यला."

चहाला शेवट असतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. लग्न झाल्यापासून माझ्या चहाला नाव ठेवायची आमच्या ह्यांची छाती झालेली नाही, आणि हा परका माणूस माझ्याच तांब्यात थुंकून मला एकाहत्तर मार्क देऊन गेला. तो तांब्या मी मोलकरणीला देऊन टाकला. तिनं तो नेला आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, तिच्या घरच्या वरणाला त्यांनी अठ्ठावन्न दिलेत.

शालिकराव सगळ्यालाच मार्क देतात. भाजीवाल्याच्या सांबाराला देतात (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, पुण्याच्या लोकांनी इडली आठवू नये). लग्नाच्या पंगतीत पत्रावळीवर वाढलेल्या प्रत्येक पदार्थाला देतात, आणि तेही वाढणाऱ्याला ऐकू जाईल असे. मयताच्या तेरवीलासुद्धा गेले होते, आणि घरच्यांचं सांत्वन करून झाल्यावर, "वडे ब्याऐंशी, कढी चौसष्ट," असं म्हणून उठले. त्या घरचा मुलगा रडता रडता थांबला आणि कढीत काय कमी होतं ते विचारू लागला. ह्या मार्कांचं हेच वाईट आहे. माणूस चिडतो, पण पुढच्या वेळी मार्क वाढले का ते विचारतोच. मीही आता पंचाहत्तरवर आहे.

बल्लारपुरात राहून नाकाचा गर्व करणारा हा एकटाच माणूस असेल. वारा फिरला की आमच्या गावात लगद्याचा वास येतो. नवा पाहुणा स्टेशनवर उतरला की नाकाला रुमाल लावतो, आणि आम्ही विचारतो, कसला वास? शालिकराव तर जन्मभर त्या वासाच्या पोटातच होते. कागद कारखान्याच्या प्रयोगशाळेत लगदा तपासायचा, कागद तपासायचा, पास का नापास ते लिहायचं, हीच त्यांची नोकरी. लग्न केलं नाही. मुली बघायला म्हणे पुष्कळ ठिकाणी गेले. सगळं जुळत आलं, की पोह्यांची बशी खाली ठेवून म्हणायचे, "पोहे बरे आहेत, पण मागची चव कडू आहे," आणि उठायचे. राजुऱ्यापासून मूल गावापर्यंत एका पिढीच्या पोह्यांना त्यांनी नापास केलं. पुढं मुलीवाल्यांनीच त्यांना बोलावणं बंद केलं.

निवृत्त झाल्यावर ते नाशिककडे कुठल्याशा वाइनच्या स्पर्धेला गेले. गेले होते ते बाटलीवरच्या लेबलाचा कागद ओलाव्यानं सुटतो का, हे सांगायला. तिथं एक परीक्षक आलाच नाही. आयोजकांना रिकामी खुर्ची दिसायला नको होती आणि शालिकरावांना बसायला खुर्ची हवीच होती. ते तीन दिवस बसले आणि गळ्यात निळ्या फितीचं 'परीक्षक' लिहिलेलं ओळखपत्र घालून परत आले. ते ओळखपत्र नंतर त्यांनी आंघोळीपुरतंच काढलं असावं. बाजारात वांगी निवडतानासुद्धा ते वांग्यांवर लोंबत असतं.

तेव्हापासून ते थुंकायला लागले. "परीक्षक पेत नसते मॅडम," ते मला समजावतात. "पेला तर तिसऱ्या गिलासातच त्याले सगळे गिलास सुवर्ण वाटाले लागतीन." त्यांनी आयुष्यात दारूचा एक घोट गिळलेला नाही, असं ते सांगतात. ज्या दारूबद्दल ते तास तास बोलतात, ती ते पीत नाहीत आणि जे पितात त्यांना ते बोलू देत नाहीत.

स्पर्धेत बक्षीस कसं देतात, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की आता मी परीक्षा देऊ शकेन. गिलासांवर नाव नसतं, नुसता नंबर असतो. ओतणारा पडद्यामागे, परीक्षक पडद्यापुढे. दिसण्याला मार्क, वासाला मार्क, चवीला मार्क आणि गिळल्यावर, म्हणजे थुंकल्यावर, मागं जे उरतं त्याला मार्क. "अन् तुमाले वाटत असंन का पहिला नंबर, दुसरा नंबर, तसं नसते. नव्वदच्या वर गेला तो सुवर्ण. ऐंशीच्या वर रजत. सत्तरच्या वर कांस्य. शंभर बाटल्या आल्या अन् शंभराइले नव्वद पडले, तर शंभर सुवर्ण."

"आणि एकीलाही नाही पडले तर?"

"तर एक बी नाई. पण असं कुठी होत नाई. बाटली पाठवाले फी असते नं. फी घेतल्यावर खाली हात कसं पाठवाचं?"

मी शाळेत शिकवते. आमच्याकडेही हल्ली कोणी नापास होत नाही, त्यामुळे मला ही पद्धत फारशी नवी वाटली नाही. शालिकरावांचा मात्र ह्यावर जीव जळायचा. मोठमोठ्या स्पर्धांत पदक न मिळालेली बाटली शोधून सापडत नाही, असं ते म्हणायचे. पदक म्हणजे बाटलीवर चिकटवायचं सोनेरी कुंकू, ह्या एका वाक्यावर त्यांनी आमच्या गल्लीत कितीतरी संध्याकाळी काढल्या आहेत.

आता आमच्या जिल्ह्यात दारूबद्दल बोलायचं म्हणजे जरा जपूनच. मध्ये काही वर्षं चंद्रपुरात दारूबंदी होती. त्या काळात राजुऱ्याच्या पुढं तेलंगणात एखादा नातेवाईक नाही असा माणूस आमच्या गावात उरला नव्हता. आमच्या ह्यांनाही तिकडे एक आजारी मावसभाऊ निघाला होता. मग बंदी उठली आणि सगळे नातेवाईक एका दिवसात बरे झाले. पण वैनगंगेच्या पलीकडे गडचिरोलीत ती अजून आहेच. म्हणजे मोहाची जी धार नदीच्या ह्या काठावर 'वारसा' म्हणवते, ती त्या काठावर गेली की तिचा पंचनामा होतो.

'वारसा' हा शब्द पंकजभाऊंचा. पंकजभाऊंचं जंगलाच्या कडेला रिसॉर्ट आहे. वाघ दिसला नाही तर पाहुण्यांना दाखवायला काहीतरी हवं, म्हणून त्यांनी मोहाच्या दारूची स्पर्धा काढली. एका दिवसाची परवानगी आणली, मंडप घातला, पदकं करून घेतली. ह्याच पंकजभाऊंनी बंदी लागली तेव्हा चौकात पेढे वाटले होते आणि उठली तेव्हाही वाटले होते. पेढे दोन्ही वेळा सारखेच होते, असं शालिकराव सांगतात. सदुसष्ट.

मुख्य परीक्षक कोण, हा प्रश्नच नव्हता. प्रश्न बाकीच्या दोघांचा होता. शालिकरावांचा नियम असा, की परीक्षकानं त्या दिवशी अत्तर लावायचं नाही, कांदा खायचा नाही आणि सुपारी-तंबाखूचा खर्रा तोंडात धरायचा नाही. अत्तर आणि कांदा ठीक आहे. पण चंद्रपूर जिल्ह्यात दुपारपर्यंत खर्ऱ्याशिवाय राहील असा अनुभवी जाणकार मिळेना. जे राहू शकत होते त्यांना मोहाची चव माहीत नव्हती. शेवटी नागपूरहून एक हॉटेलवाले आणि पुण्याहून एक दाढीवाले साहेब आणावे लागले.

आणि पडद्यामागं ओतायला मी. "तुम्ही पेत नाई, कोणाले भेत नाई अन् तुमचं अक्षर चांगलं आहे," असं शालिकराव म्हणाले. माझ्या एवढ्या नोकरीत मुख्याध्यापकांनी मला कधी इतकं चांगलं म्हटलेलं नाही, म्हणून मी हो म्हणाले.

सकाळी मंडपामागच्या टेबलावर मी बाटल्या घेत होते. गावोगावचे लोक आले होते. प्रत्येक जण बाटली पदराखालून नाहीतर शर्टाखालून काढायचा. परवानगी असली तरी हाताची सवय सुटत नव्हती. आणि प्रत्येक जण माझ्या कानाजवळ येऊन एकच सांगायचा, "मॅडम, पह्यल्या धारेची हाये बरं." पाहुण्याला चांगलं ते द्यायचं, आणि चांगली म्हणजे पहिल्या धारेची, हे आमच्याकडे आईच्या दुधातून येतं. शालिकरावांचं मत बरोबर उलटं होतं. पहिली धार म्हणजे नुसती आग, घशाखाली उतरते तशी डोळ्यांत चढते, ती फेकायची असते. हे त्यांनी कोणालाच आधी सांगितलं नव्हतं, कारण परीक्षेचा पेपर फोडायचा नसतो.

सगळ्यात शेवटी एक म्हातारी आली. पोंभुर्ण्याकडच्या एका गावच्या बचतगटाच्या बाया तिच्याबरोबर होत्या. हिरवं लुगडं, हाताला गोंदण, आणि बाटली तिनं पदराखालून नाही, सरळ डोक्यावरच्या टोपलीतून काढली. मी नाव विचारलं.

"सरूबाई. पण माह्यं नाव त्याले सांगू नका."

"कोणाला?"

"शालिकले. मी त्याची बहीण होय."

मी पेन खाली ठेवलं. शालिकरावांच्या घराला लागून माझं घर आहे. त्यांच्या भिंतीवरच्या पालीचीसुद्धा मला ओळख आहे. त्यांना बहीण आहे हे मी कधी ऐकलं नव्हतं.

म्हातारी निवांत सांगू लागली. आईबाप लवकर गेले. ती मोठी, तो लहान. नवरा तिला फार दिवस पुरला नाही. मग तिनं मोहाची भट्टी लावली आणि तिच्यावर शालिकला चंद्रपूरला वसतिगृहात ठेवला, शिकवला, कारखान्यात चिकटवला. धाडी पडल्या, हंडे फुटले, ती नवे आणायची. "लोकं दारूवाली म्हणत. म्हणू द्या. पोरगा तर साहेब झाला." मग तिनं आवाज उतरवला. "त्याचं लगन माह्या पायीच राह्यलं, बाई. पोरीवाले इचारत, बहीण काय करते? खोटं बोलला असता तर जमून गेलं असतं. पण तो पोह्याले नावं ठेवे अन् उठून ये."

मला एकदम त्या सगळ्या बशा आठवल्या, ज्यांवर आम्ही शेजारपाजारच्या बायका वर्षानुवर्षं हसत आलो होतो.

"येतात का तुमच्याकडे?"

"येते नं. भाऊबीजेले येते. भट्टीजवळ बसते. अख्ख्या दुनियेले मार्क देते म्हंते, मले कधी बी नाई देल्ले." तिनं बाटली माझ्या हातात दिली. "ह्या गटाच्या पोरींनी म्हटलं, स्पर्धा आहे. मी म्हटलं, चला. जन्मभर दारूवाली म्हणून नाव घेतलं लोकाईनं. एकदा स्टेजवरून चांगल्यासाठी नाव घेतलं पाह्यजे. पदक भेटलं तर त्याच्याच हातून भेटंन."

मी चिठ्ठीवर सात नंबर घातला. कोणाला काही बोलले नाही. पडद्यामागच्या बाईनं बोलायचं नसतं, हा शालिकरावांचाच नियम.

पहिले सहा गिलास गेले. पडद्याच्या फटीतून मला सगळं दिसत होतं. शालिकराव गिलासावरची बशी काढत, हुंगत, घोट फिरवत, बादलीत थुंकत, मधे चिमूटभर मुरमुरे खात आणि लिहीत. सगळी पहिल्या धारेचीच होती, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पेपर तपासणाऱ्या मास्तरांचं ओळखीचं समाधान होतं. पुण्याचे दाढीवाले साहेब प्रत्येक गिलासाला डोळे मिटत. चौथ्याला ते म्हणाले, "ह्यात पावसानंतरच्या अरण्याची आठवण आहे." शालिकरावांनी पुन्हा हुंगून पाहिलं. "गोणपाट आहे," ते म्हणाले. "ओल्या गोणपाटावर मोहफुलं वाळवली." सहावा पंकजभाऊंच्या स्वतःच्या रिसॉर्टचा होता, रंगीत बाटलीतला. त्यापुढं शालिकरावांनी लिहिलं, 'केसांच्या तेलाचा वास.'

मी सातवा पाठवला.

शालिकरावांनी बशी उचलली, नाक जवळ नेलं आणि तसेच थांबले. घोट घेतला नाही. हळूच बशी पुन्हा गिलासावर ठेवली. चिठ्ठीवर नंबर लिहिला होता, त्यापुढची जागा मोकळी सोडली आणि पेनाचं टोपण लावलं. बाकीच्या दोघांनी घोट घेतला. नागपूरचे हॉटेलवाले बादलीकडे वाकले होते, ते गिळूनच वर आले. दोघांनीही नव्वदच्या वर मार्क दिले. दाढीवाल्यांना ह्या वेळी काही आठवलं नाही, त्यांनी फक्त आणखी थोडी मागितली.

बेरजेच्या वेळी मी शालिकरावांना बाजूला घेतलं. "सातचं राहिलंय तुमचं."

"राह्यलं नाई. सोडलं."

"का?"

"ओळखू आला. ओळखलेल्या गिलासाले मार्क देता येत नाई. नियम आहे."

"तुमचाच नियम ना?"

"म्हणूनच."

"आणि तिघांचे मार्क नसतील तर पदक नाही, हाही तुमचाच."

"हाव."

माझा पारा चढला. मी म्हणाले, "शालिकराव, त्या बाईनं भट्टी लावून तुम्हाला शिकवलं. तुम्ही तेरवीच्या कढीला मार्क देता, मयताच्या घरी जाऊन देता. आणि हिला आज एक आकडा द्यायला तुमचा हात उचलत नाही? कसला आलाय नियम? तुम्हाला लाज वाटते, बस." शाळेत मी ह्या आवाजात बोलले की आठवीचा वर्ग खाली मान घालतो. शालिकरावांनीही घातली. पण चिठ्ठी काही हातात घेतली नाही. म्हणाले, "ती आली आहे?"

"आलीय. स्टेजसमोर बसलीय. नाव ऐकायला."

मी तशीच पाय आपटत मंडपात जाऊन सरूबाईच्या शेजारी बसले. मला तिला सांगायचं होतं, पण तिनं पदर डोक्यावरून घेतला होता आणि गटाच्या बाया तिला स्टेजवर कुठल्या बाजूनं चढायचं ते सांगत होत्या.

दुपार कलली तसा कार्यक्रम सुरू झाला. बल्लारपूरहून दुचाक्या काढून अर्धी कॉलनी आली होती. शालिकरावांचे प्रयोगशाळेतले जुने सहकारी होते, आमचे हे होते, मार्क घेऊन दुखावलेले पुष्कळ लोक होते. पंकजभाऊंनी वारशावर भाषण केलं आणि माइक मुख्य परीक्षकांकडे दिला. माइकवर शालिकराव नेहमी पुस्तकी मराठी बोलतात. "सुवर्ण पदकास एकही नमुना पात्र ठरला नाही," ते म्हणाले. मंडपात कुजबुज झाली. एक रजत, दोन कांस्य. नावं घेतली, लोक आले, पदकं गळ्यात पडली. पंकजभाऊ उरलेल्या पदकांच्या खोक्याकडे बघत होते. माझ्या शेजारी सरूबाई अजून पदर नीट करत होती. तिला वाटत होतं, अजून व्हायचं आहे.

शालिकरावांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. पण माइक सोडला नाही.

"आणखी एक सांगायचं आहे," ते म्हणाले. मग खाकरले, आणि पुस्तकी मराठी तिथंच संपली. "सात नंबरच्या गिलासाले दोन्ही परीक्षकानं सुवर्णाचे मार्क देल्ले. मी नाई देल्ले. म्हणून त्याले पदक नाई. काऊन नाई, हे सांगणं माह्यं काम आहे. तो गिलास माह्या बहिणीचा आहे. सरूबाई नाव तिचं. ती तिथी बसली आहे."

सगळ्या माना वळल्या. आमच्या ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी समोर पाहिलं.

"तुमी लोकं मले इचारता, हे नाक कुठी शिकलं. मी सांगतो, नाशिकले. खोटं आहे. तिच्या भट्टीजवळ पाटी घेऊन बसत होतो मी. पह्यल्या धारेचा पेला ती भुईले वाही, देवाचा म्हणून. तो कोणाले पेऊ नाई देये. त्या धारेत इख असते, हे मले कारखान्यात गेल्यावर समजलं. तिनं दारू इकली म्हणून मी शिकलो. हे मी आजपरयंत कोणाले सांगतलं नाई." ते गळ्यातली निळी फीत हातानं चाचपत राहिले. "परीक्षकाचं काम खोट काढणं होय. त्या गिलासात मले खोट दिसत नाई. असंन बी. मले दिसत नाई. ज्याले खोट दिसत नाई त्यानं मार्क देऊ नाई."

मंडपात कोणी टाळी वाजवली नाही. मोठी माणसं कधीकधी फार शहाणी वागतात. फक्त कॉलनीतल्या बायका एकेक करून सरूबाईकडे बघायला उठल्या. गटाच्या पोरींनी तिला दोन्ही दंडांना धरून उभं केलं. ती एवढ्या माणसांत उभी राहिली, पदर सावरला, आणि स्टेजकडे बघून भाजीच्या बाजारात बोलावं तशा मोकळ्या आवाजात म्हणाली, "ते समजलं रे. पण आता तरी सांग, किती?"

लोक हसले. शालिकरावांनी तोंड उघडलं. मला वाटलं आता आकडा येणार. शेजारचा चहा, तेरवीची कढी, कोणाच्या घरची सांबारवडी, आजवर त्यांना आकडा शोधावा लागलेला मी पाहिला नव्हता. माइकमधून नुसता त्यांच्या श्वासाचा आवाज येत राहिला. मघाशी मी त्यांना 'तुम्हाला लाज वाटते' म्हणाले होते, ते शब्द मला गिळता आले असते तर बरं झालं असतं. शेवटी पंकजभाऊंनी हळूच माइक काढून घेतला आणि मंडपवाल्यांचे आभार मानायला सुरुवात केली.

सरूबाई खाली बसली. तिला वाईट वाटलं असेल म्हणून मी तिचा हात हातात घेतला. तर ती हसत होती.

"लहानपणी बी असाच," ती मला म्हणाली. "जेवण कसं झालं म्हणून इचारलं, का काहीच बोले नाई. गुमान ताट चाटून पुसून ठेवे."